सिकलसेल आणि ऑपरेशन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सटाण्याहून पश्चिमेला मुल्हेर-साल्हेरकडे निघाले की भिल्ल आणि कोकणा वस्त्या लागतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत त्यावर अनेक दशके संशोधन केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतके काम होऊनही गैरसमजांपायी माणसे तपासणी टाळतात आणि ऑपरेशनला घाबरतात.

गैरसमज : वाहक म्हणजे रुग्णच.
वस्तुस्थिती : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक आपल्याला आई आणि वडील दोघांकडून मिळते. एकाच जनुकात दोष असेल तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. दोन्हींत असेल तर रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान आणि भारतातल्या मलेरियाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले.

गैरसमज : पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठणठणीत होणार.
वस्तुस्थिती : आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. आधीच्या बाळामुळे हे प्रमाण बदलत नाही. यात आईचा एकटीचा दोष काढणे तर सरळ अन्याय आहे.

गैरसमज : सिकलसेलच्या रुग्णाने ऑपरेशन करूच नये.
वस्तुस्थिती : करता येते, पण तयारीने. शरीरात पाणी कमी पडले, थंडी वाजली किंवा ऑक्सिजन घटला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशनआधी रक्त न चढवलेल्या ३९ टक्के रुग्णांना गंभीर दखल घ्यावी अशी गुंतागुंत झाली, रक्त चढवलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. तरी सरसकट प्रत्येकाला रक्त लागतेच असे नाही. हिमोग्लोबिन किती आणि ऑपरेशन कोणते, हे पाहून डॉक्टर ठरवतात.

गैरसमज : ऑपरेशन झाले की आजारातून सुटका.
वस्तुस्थिती : सिकलसेलमध्ये पित्ताशयात खडे होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. आपल्याकडच्या रुग्णांत प्लीहा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. शस्त्रक्रियेने तेवढा बिघाड दूर होतो. जनुक तेच राहते. प्लीहा काढल्यावर जंतुसंसर्गाचा धोका आयुष्यभर असतो, म्हणून न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधीच घ्याव्यात. पुढे ताप आला तर घरी थांबू नये. बदललेल्या खुब्याचीही वर्षानुवर्षे तपासणी लागते. सिकलसेलसाठीचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले; त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नका. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीतूनच कळते. लग्न ठरवण्याआधी ही तपासणी करून घ्या आणि कोणत्याही ऑपरेशनआधी तो रिपोर्ट सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवा.