विश्लेषण : डेंग्यूचा ताप उतरला, तरी धोका का टळत नाही?

पावसाळ्यात घरोघरी तापाचे रुग्ण असतात. तीन-चार दिवसांनी थर्मामीटरचा पारा खाली आला की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि रुग्ण कामावर किंवा शाळेत जायची तयारी करतो. इतर बऱ्याच तापांत हे चालून जाते. डेंग्यूत मात्र ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक असतात. या काळात काय पाहायचे आणि रुग्णालय कधी गाठायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

डेंग्यूचा ताप ओळखायचा कसा?

विषाणू असलेला एडिस डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी एकाएकी जोराचा ताप चढतो. डोके, डोळ्यांच्या मागचा भाग, सांधे आणि पाठ प्रचंड दुखते. मळमळते, काहींच्या अंगावर पुरळ येते. मात्र मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांचीही सुरुवात तापानेच होते. त्यामुळे लक्षणांवरून घरीच निदान करू नये. दोन दिवसांत ताप हटला नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासावे. साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावे.

ताप उतरताना शरीरात काय घडते?

ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो. बहुतेक रुग्ण त्यानंतर बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र याच सुमारास सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपू लागतो. तो पोटात आणि फुप्फुसांभोवती साचतो. रक्तवाहिन्यांत राहिलेले रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो आणि अवयवांना पुरेसे रक्त मिळत नाही. ही स्थिती वेळीच ओळखली नाही, तर रुग्ण ‘शॉक’मध्ये जातो. अंग थंड लागते म्हणून घरच्यांना ताप गेल्याचे समाधान वाटते; पण हात-पाय गार आणि घामेजलेले असतील, तर तो धोक्याचा इशारा असू शकतो.

कोणती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तरी सकाळची वाट पाहू नये.

- पोटात सतत किंवा तीव्र दुखणे
- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
- नाक किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव
- खूप गळून जाणे, गुंगी, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे
- उठून उभे राहताच चक्कर किंवा भोवळ
- हात-पाय गार पडणे, दम लागणे
- चार ते सहा तासांत लघवी न होणे

लहान मुले नेमके सांगू शकत नाहीत. मूल सतत रडत असेल, खेळत नसेल, दूध किंवा पाणी घेत नसेल, तर थांबू नये. वाहनाची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गरोदर महिला, तान्ही मुले, ज्येष्ठ नागरिक आणि मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचे आजार असलेल्यांनी ही लक्षणे नसतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा डेंग्यू झाल्यानंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पूर्वी डेंग्यू झाला असल्यास तेही सांगावे.

प्लेटलेट कमी झाल्या, तर घाबरायचे का?

निरोगी व्यक्तीत प्लेटलेटची संख्या साधारण दीड ते साडेचार लाख असते. डेंग्यूत ती घटते आणि ताप गेल्यावर आपोआप वाढू लागते. केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवाव्या लागतात असे नाही. रक्तस्राव होत असेल किंवा संख्या १० हजारांच्या खाली गेली, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. प्लेटलेटइतकाच रक्ताचा घट्टपणा सांगणारा ‘हिमॅटोक्रिट’ हा आकडा महत्त्वाचा असतो. प्लेटलेट झपाट्याने घटत असताना तो वाढत असेल, तर द्रव झिरपत असल्याचा संशय घेतला जातो. पपईच्या पानांचा रस किंवा किवी यांच्या भरवशावर रुग्णालयात जाणे लांबवू नये.

चाचणी कोणती आणि कधी?

पहिल्या पाच दिवसांत ‘एनएस१’ आणि त्यानंतर ‘आयजीएम’ चाचणी उपयोगी ठरते. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तरी डेंग्यू नाहीच असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यामुळे वरील लक्षणे असतील, तर अहवालापेक्षा लक्षणांना महत्त्व द्यावे.

घरी काय करावे, काय टाळावे?

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून घ्यावे. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून सुरू असेल, तर ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. ओआरएस, पेज, ताक, वरणाचे पाणी थोडे थोडे पण सतत द्यावे. ‘अशक्तपणा आहे, एक सलाइन लावा’ असा आग्रह धरू नये. झिरपलेला द्रव पुढे पुन्हा रक्तात परततो. तेव्हा शरीरात जादा पाणी असेल, तर फुप्फुसांवर ताण येतो.

ताप कोणत्या दिवशी आला, कधी उतरला आणि शेवटची लघवी किती वाजता झाली, हे एका कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतात. ताप उतरल्यानंतर दोन दिवस औषधाशिवाय ताप आला नाही, भूक लागली आणि लघवी नेहमीसारखी झाली, तर रुग्ण सावरतो आहे असे समजावे. तोवर विश्रांती घ्यावी आणि रुग्णाला एकटे सोडू नये.