तापणारे जुने, गार राहणारे नवे

१९७७ साली अमेरिकेत मार्क लेव्हिन्सन कंपनीचा 'एमएल-२' हा ॲम्प्लिफायर आला. लाउडस्पीकरला तो २५ वॉट देई आणि विजेच्या प्लगमधून सुमारे ४०० वॉट ओढी, तेही गाणं वाजत नसताना. स्टिरिओसाठी असे दोन लागत. आज पुस्तकाएवढ्या डब्यातला ॲम्प्लिफायर १०० वॉट देऊनही जेमतेम कोमट होतो. तरीही जुन्या ॲम्प्लिफायरसाठी घसघशीत पैसे मोजणारे शौकीन आहेत. त्यांना नेमकं काय मिळतं?

बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सांध्यावर लहर किंचित मोडते. एमएल-२च्या 'क्लास ए' पद्धतीत दोन्ही ट्रान्झिस्टर सतत चालू ठेवतात, त्यामुळे हा सांधाच उरत नाही. मात्र तिची कार्यक्षमता कागदावरही ५० टक्क्यांपुढे जात नाही. हळू आवाजात तर जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच जाते.

गार राहणाऱ्या नव्या 'क्लास डी'मध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते आणि शेवटचा फिल्टर तिच्यातून मूळ लहर गाळून काढतो. पंख्याचा जुना रेग्युलेटर तापायचा, नवा तापत नाही; तसाच हा प्रकार. सुरुवातीच्या अनेक 'क्लास डी' ॲम्प्लिफायरमध्ये एक खोट होती: स्पीकर बदलला की आवाजाचा पोत बदलायचा. २००१च्या सुमारास फिलिप्समध्ये ब्रूनो पुत्झेस यांनी फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी परत आणलेला सिग्नल, फिल्टरनंतर घेतला आणि ही खोट बरीचशी गेली. आजच्या उत्तम रचनांमध्ये आवाजाची विकृती ०.००१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते.

पण कानाला इतकी सूक्ष्म विकृती कळते का? १९४७च्या विल्यमसन या अभियंत्याच्या वाल्व (काचेच्या नळीच्या) ॲम्प्लिफायरमध्येही १५ वॉटला विकृती ०.१ टक्क्याच्या आसपासच होती. चांगला स्पीकरही मोठ्या आवाजात, खर्जात, याच्या कितीतरी पट विकृतीची भर घालतो. १९८७मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने श्रोत्यांपासून नावं लपवून चाचणी घेतली. त्यात सुमारे २२० डॉलरचा रिसीव्हर होता आणि १२,००० डॉलरचे वाल्व ॲम्प्लिफायरही. श्रोत्यांची उत्तरं नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत. अशा चाचणीत तुलनेतल्या दोन्ही ॲम्प्लिफायरचा आवाज काटेकोर सारखा ठेवावा लागतो, कारण किंचित मोठा वाजणारा आपल्याला बहुतेकदा 'गोड' वाटतो. काही वाल्व ॲम्प्लिफायर स्पीकरनुसार स्वराचा तोल बदलतात. तो फरक खरा असतो, पण ती चव झाली, अचूकता नव्हे.

जुन्यांचं खरं बळ दुरुस्तीत आहे. त्यांचा सुटा भाग बदलता येतो. नव्यांत बहुधा अख्खं मॉड्यूलच बदलावं लागतं. मात्र उष्णतेने जुन्यांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

म्हणून जुना ॲम्प्लिफायर घ्यायचाच असेल, तर कपॅसिटर बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. नुसतं संगीत ऐकायचं असेल, तर साधासा नवा ॲम्प्लिफायर घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर खर्च करा.