पहिला हेडफोन घेताना

दोन खोल्यांच्या घरात एकाला गाणी ऐकायची असतात, दुसऱ्याला अभ्यास करायचा असतो. अशा घरात हेडफोन ही चैन नव्हे, गरज आहे. पण तो घेताना दणदणीत आवाजाच्या जाहिरातींना भुलू नका.

पूर्ण कान झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन निवडा. तो बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे आवाज वाढवावा लागत नाही. मागून जाळीचा हेडफोन मोकळा वाजतो, पण शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. वायरचा घेणार असाल तर मोबाइलसाठी ३२ ओहमच्या आसपासचा पुरेसा आहे. २५०-३०० ओहमच्या बहुतेक हेडफोनना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. कानाच्या गाद्या बदलता येतात का, हेही विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासच ऐकावा. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून दुकानात ओळखीचे गाणे हळू आवाजात लावून पाहा. तेव्हाही शब्द न् शब्द कळला, तर तोच हेडफोन घरी आणा.