स्थलांतरित कुटुंबाचा निर्वाह खर्च : तुलनेची पद्धती (लातूर-पुणे स्थलांतराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

नोकरदाराच्या हाती बदलीचा आदेश पडला की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तिकडे परवडेल का?’ हा होय. या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना विचारून, भाजीपाल्याच्या व घरभाड्याच्या दोन-चार आकड्यांवरून काढले जाते. पगारात होणारी वाढ चटकन दिसते. खर्चात होणारी वाढ मात्र वर्षभरात हळूहळू उलगडत जाते. परिणामी वाढीव पगारावर गेलेले कुटुंब कर्जबाजारी झाल्याची उदाहरणे समाजात आढळतात. प्रस्तुत लेखात दोन ठिकाणांच्या निर्वाह खर्चाची तुलना शास्त्रीय पद्धतीने कशी करावी, याचे विवेचन लातूरहून पुण्यास जाणाऱ्या कुटुंबाच्या संदर्भात करण्यात आले आहे.

१) निर्वाह खर्चाची संकल्पना :

निर्वाह खर्च म्हणजे केवळ वस्तूंच्या किमती नव्हेत. विशिष्ट राहणीमान टिकवून ठेवण्यासाठी कुटुंबाला करावा लागणारा एकूण खर्च म्हणजे निर्वाह खर्च होय. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये कौटुंबिक अंदाजपत्रकांच्या आधारे असे दाखवून दिले की, उत्पन्न वाढते तसे अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटत जाते. भारतातही हेच चित्र दिसते. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार अन्नावरील खर्चाचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के होते. शहरात जाणाऱ्या कुटुंबाने केवळ धान्य-भाजीच्या दरांची तुलना केली, तर खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग तुलनेबाहेरच राहतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्राला या अभ्यासाची परंपरा आहे. मुंबईतील कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांचा फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. कुटुंबाचा खर्च त्याच्या राहत्या परिस्थितीतूनच समजून घ्यावा लागतो, हा या अभ्यासांचा महत्त्वाचा धडा होय.

२) निर्देशांकाविषयीचा गैरसमज :

औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम विभाग केंद्रनिहाय प्रसिद्ध करतो. सप्टेंबर २०२० पासून त्यासाठी २०१६ हे आधारवर्ष धरण्यात आले. पुणे व सोलापूर या केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून ज्या शहराचा आकडा मोठा ते शहर महाग, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो चुकीचा आहे. आधारवर्षात प्रत्येक केंद्राचा निर्देशांक १०० धरलेला असतो. एका केंद्राचा निर्देशांक १४० आणि दुसऱ्याचा १४५ असेल, तर दुसऱ्या केंद्रात किमती अधिक वेगाने वाढल्या एवढेच सिद्ध होते. तिथे किमती अधिक आहेत असे सिद्ध होत नाही. हा निर्देशांक काळाची तुलना करतो, स्थळाची नाही.

स्थळाच्या तुलनेसाठी दोन मार्ग संभवतात. पहिला, लास्पेयरच्या सूत्राप्रमाणे, जुन्या गावी कुटुंब जे व जितके वापरत होते त्याची नव्या गावच्या दराने किंमत काढणे. दुसरा, पाशेच्या सूत्राप्रमाणे, नव्या गावी कुटुंब जे वापरेल त्याची दोन्ही ठिकाणच्या दरांनी किंमत काढून तुलना करणे. पहिल्या मार्गाने खर्चवाढ सामान्यतः फुगलेली दिसते, कारण महाग वस्तूऐवजी माणसे स्वस्त पर्याय शोधतात. दुसऱ्या मार्गाने ती कमी दिसते, कारण सोडून द्याव्या लागलेल्या गोष्टींची नोंद त्यात होत नाही. लातूरला अंगण असलेल्या चार खोल्यांत राहणारे कुटुंब पुण्यात दोन खोल्यांत राहिले, तर भाड्याची बचत झाली असे नव्हे. राहणीमान घटले असे म्हणावे लागते. वास्तव या दोन उत्तरांच्या दरम्यान असते. म्हणून कुटुंबाने दोन्ही हिशेब मांडणे इष्ट ठरते.

३) कोणता खर्च बदलतो, कोणता बदलत नाही :

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्याने आणि जकात इतिहासजमा झाल्याने साबण, चहा, औषधे, कपडे यांसारख्या कारखानी वस्तूंच्या किमतींत गावोगावी फारसा फरक उरलेला नाही. विजेचे उदाहरण बोलके आहे. लातूर व पुणे ही दोन्ही शहरे महावितरणच्या क्षेत्रात येतात. त्यामुळे घरगुती विजेचे दर सारखेच असतात. मात्र वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणजे दर तोच राहूनही बिल वाढू शकते.

खरा फरक पडतो तो जागा, सेवा आणि वेळ यांत. घरभाडे, शाळेचे शुल्क, घरकामाची मजुरी, रिक्षा व बस ही त्या-त्या ठिकाणीच मिळणारी गोष्ट असते. ती दुसऱ्या गावाहून मागवता येत नाही. शहरातील जमिनीचा भाव या प्रत्येक सेवेच्या किमतीत उतरतो.

उलट दिशेचा खर्चही नोंदवावा लागतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. उन्हाळ्यात टँकरवर होणारा खर्च हा लातूरच्या निर्वाह खर्चाचा भाग असून, स्थलांतरानंतर तो वाचत असेल तर जमेच्या बाजूस धरला पाहिजे.

४) भत्त्यांमुळे होणारी भरपाई :

महागाई भत्ता हा अखिल भारतीय निर्देशांकाच्या सरासरीवर ठरतो. त्यामुळे लातूर व पुणे येथील समान वेतनाच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना तो सारखाच मिळतो. स्थानिक महागाईची भरपाई त्यातून होत नाही. ती भरपाई घरभाडे भत्त्यातून होणे अपेक्षित असते. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून एक्स, वाय व झेड या वर्गांतील शहरांसाठी मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के दर लागू झाले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर, जानेवारी २०२४ पासून ते ३०, २० व १० टक्के झाले. पुणे एक्स वर्गात, तर लातूर झेड वर्गात मोडते.

मूळ वेतन ४४,९०० रुपये असलेल्या कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता या दरांनुसार लातूरला ४,४९० रुपये, तर पुण्यात १३,४७० रुपये होतो. फरक ८,९८० रुपयांचा. वाहतूक भत्ता १,८०० ऐवजी ३,६०० रुपये होतो. त्यावरील जानेवारी २०२४ मधील ५० टक्के महागाई भत्त्यासह हा फरक २,७०० रुपयांचा होता. एकूण मासिक वाढ ११,६८० रुपये.

५) उदाहरण :

स्पष्टीकरणासाठी वरील कर्मचाऱ्याचे एक काल्पनिक कुटुंब घेऊ. पती, पत्नी, दोन शाळकरी मुले आणि पतीची आई. लातूरला स्वतःचे घर असून पत्नी घरी शिवणकाम करून दरमहा ६,००० रुपये मिळवते. पुढील खर्चाचे आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत.

जमेची बाजू : भत्त्यांतील वाढ ११,६८०, लातूरचे घर भाड्याने दिल्यास ५,०००, पाण्याच्या खर्चात बचत ६००. एकूण १७,२८० रुपये.

खर्चाची बाजू : पुण्यातील घरभाडे १७,०००, शाळा व शाळेच्या बसचा वाढीव खर्च ३,५००, कार्यालयात जाण्या-येण्याचा वाढीव खर्च २,०००, दूध, भाजी व इतर किरकोळ वाढ २,५००, गावी जाणे-येणे १,०००, पत्नीचे बुडालेले उत्पन्न ६,०००. एकूण ३२,००० रुपये.

दरमहा तूट १४,७२० रुपयांची. पत्नीने पुण्यात शिवणकामाची गिऱ्हाइके पुन्हा जोडली, तर तूट ८,७२० रुपयांवर येते. परंतु त्यासाठी लागणारा काळ आणि त्या काळापुरती शिल्लक यांचा विचार आधीच करावा लागतो.

याउलट, आईने गाव सोडण्यास नकार दिला तर? घराचे ५,००० रुपये भाडे मिळत नाही, पाण्याचे ६०० रुपये वाचत नाहीत आणि दुसऱ्या चुलीचा व सोबतीचा खर्च दरमहा ४,००० रुपये धरला, तर मूळ तूट २४,३२० रुपयांवर जाते. म्हणजेच या हिशेबातील सर्वांत मोठा चढउतार बाजारभावामुळे होत नसून कोण सोबत येणार आणि कोण मागे राहणार, यामुळे होतो. पत्नीची कमाई आणि सासूचे वास्तव्य या दोन बाबी मात्र घरगुती चर्चेत बहुधा ‘खर्च’ म्हणून मांडल्याच जात नाहीत.

सामानाची वाहतूक, भाड्याच्या घराची अनामत रक्कम, करारनाम्याची नोंदणी, मुलांचा नवा प्रवेश हा एकदाच होणारा खर्च मासिक हिशेबात मिसळू नये. बदली प्रशासकीय असल्यास केंद्रीय कर्मचाऱ्यास मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित स्थलांतर अनुदान मिळते; वरील वेतनावर ते ३५,९२० रुपये होते. खासगी नोकरीत अशी तरतूद आहे किंवा नाही, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घेणे हिताचे असते.

६) निष्कर्ष :

१. किंमत निर्देशांकाचे केंद्रनिहाय आकडे दोन शहरांच्या महागाईची तुलना करण्यासाठी वापरता येत नाहीत.

२. तुलना वस्तूंच्या दरांची न करता संपूर्ण कुटुंबाच्या अंदाजपत्रकाची करावी. घर, शाळा, प्रवास व सेवा यांना त्यात अग्रक्रम द्यावा.

३. जुन्या राहणीमानाचा नव्या दराने आणि नव्या राहणीमानाचा दोन्ही ठिकाणच्या दराने, असे दोन्ही हिशेब मांडावेत.

४. कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे उत्पन्न व वास्तव्य हा हिशेबाचा भाग मानावा.

समारोप :

तूट दिसली म्हणजे स्थलांतर करू नये, असा याचा अर्थ नाही. मुलांचे शिक्षण, वैद्यकीय सोय, पुढील बढती या गोष्टींसाठी कुटुंब काही वर्षे तूट सोसण्याचे ठरवू शकते. मात्र ती तूट किती, किती काळ आणि कोणाच्या वाट्याला येणार, हे सामान बांधण्यापूर्वी घरातील सर्वांना ठाऊक असले पाहिजे. घरातील थोरांनी व गृहिणीने एकत्र बसून मांडलेला एका पानाचा हिशेब या कामी पुरेसा ठरतो.