जुना कारखाना विकत घेताय? टोकन देण्याआधी जमीन तपासा



एमआयडीसीतला जुना शेड बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतोय. वकिलांचा सर्च रिपोर्ट क्लीन आहे, बँकही कर्ज द्यायला तयार आहे. पण एक प्रश्न राहूनच गेला: या शेडमध्ये आधी काय चालायचं?

समजा, तिथे अनेक वर्षं इलेक्ट्रोप्लेटिंग चालायचं. टाक्यांमधून गळलेलं क्रोमियम आणि निकेलचं पाणी फरशीच्या भेगांतून खाली मुरतं. मालक मशिनरी घेऊन जातो, क्रोमियम तिथेच राहतं. सर्च रिपोर्ट मालकी कोणाची ते सांगतो, मातीत काय आहे ते नाही.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिडचा कारखाना थोडाच काळ चालला. तो बंद झाला, पण उघड्यावर टाकलेल्या गाळामुळे परिसरातल्या विहिरी नासल्या. जो प्रदूषण करतो त्यानेच खर्च भरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या प्रकरणात सांगितलं. तत्त्व उत्तम आहे. पण प्रदूषण करणारी कंपनीच गुंडाळली गेली असेल, तर जागेवर आता कोण बसलंय? तुम्ही! म्हणून तपास आधी करायचा, तीन पायऱ्यांत.

१. कागद मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं (आपण ज्याला 'कन्सेंट' म्हणतो ती) घ्या. त्यात उत्पादन काय, सांडपाणी किती आणि घातक कचरा कोणता, हे लिहिलेलं असतं. मग हा कचरा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवल्याचे मॅनिफेस्ट मागा. कन्सेंटमध्ये दरवर्षी काही टन गाळ दिसतोय आणि मॅनिफेस्ट एकही नाही, तर गाळ गेला कुठे?

२. जागेवर फिरा. फरशीवरचे डाग, जमिनीखालच्या टाक्या, गवत न उगवणारा कोपरा, बोअरच्या पाण्याचा रंग आणि वास बघा. जुन्या कामगारांशी, शेजारच्या गाळेवाल्यांशी बोला. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं पाहा, ड्रम कुठे रचलेले असायचे ते कधी कधी त्यात दिसतं. या दोन पायऱ्यांना पर्यावरण सल्लागार 'फेज वन' म्हणतात. यात खोदकाम नसतं.

३. शंका आली तरच नमुने घ्या. हे झालं 'फेज टू'. माती आणि भूजलाचे नमुने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे. सरसकट सगळ्या चाचण्या करू नका. प्लेटिंग असेल तर जड धातू आणि सायनाइड, जुना पेट्रोल पंप असेल तर बेंझिनसारखे घटक. नमुना कुठून घ्यायचा, हे पहिल्या दोन पायऱ्या सांगतात.

प्रदूषण सापडलं म्हणजे सौदा मोडलाच, असं नाही. साफसफाईचा अंदाज काढा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या, किंवा साफसफाई विक्रेत्याने करायची असं ठरवा. साठेखतात लिहून घ्या की आधीच्या प्रदूषणाची जबाबदारी विक्रेत्याची, आणि काही रक्कम काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवा.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ५५ प्रमाणे, तुम्हाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. शिवाय दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले आहेत. लपवण्यापेक्षा स्वतःच तपासणी करून रिपोर्ट समोर ठेवा. भाव करताना तुमचीच बाजू भक्कम होईल.

आता आजचा गृहपाठ. तुम्ही बघत असलेल्या जागेत मागच्या वीस वर्षांत कोणकोणते धंदे चालले, त्यांची यादी करा. ती पूर्ण झाल्याशिवाय चेकबुक उघडू नका!