बहात्तर ग्रॅम

आमच्या घरात प्रथिने शिरली ती माझ्या रक्तातल्या साखरेचे बोट धरून. साठीला दोन वर्षे उरली असताना मधुमेह निघाला आणि डॉक्टर म्हणाले, "भात-पोळी जरा आवरा, प्रथिनं वाढवा." मी पडलो हुकमाचा ताबेदार! आवरायला सांगितले, मी बंदच केली. तेल-तुपाचे नाव तर आधीच टाकलेले. उरले काय? अंड्यांचा पांढरा भाग, उकडलेल्या सोयाबीनच्या वड्या आणि भाच्याने आणून दिलेली डबाभर पूड. किती खायचे हे मी विचारलेच नव्हते. चांगली वस्तू, मग जास्त खाल्लेली बरी, हा आपला हिशेब.

सहाव्या दिवशी भाजी आणायला निघालो तो जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. सौ.ने धरले म्हणून बरे.

डॉक्टरांनी आधी गोळीचा डोस उतरवला. पिष्ट कमी झाले की साखर उतरते आणि गोळी तेवढीच राहिली तर नको तितकी उतरते. हे सांगायला मी आधीच त्यांच्याकडे जायला हवे होते. मग मूत्रपिंडाची तपासणी झाली. ती अधू असती तर हा प्रयोग तिथेच थांबला असता. तपासणी ठीक निघाली, तेव्हा त्यांनी विचारले, "तूप का सोडलंत? भात गेला, तूप गेलं, आता शरीरानं चालायचं कशावर?"

त्यांनी एक गोष्ट सांगितली. उत्तर ध्रुवाकडे एस्किमोंत राहून आलेला स्टेफान्सन नावाचा प्रवासी 1928 साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात केवळ मांसावर राहिला. सुरुवातीला त्याला चरबी काढलेले मांस दिले. तिसऱ्या दिवशी गडी मळमळ आणि जुलाबांनी आडवा! चरबी पुन्हा सुरू केली, तसा उठून बसला, आणि पुढे वर्षभर मांसच खात राहिला.

"म्हणजे भाताची जागा प्रथिनांनी भरायची नाही," डॉक्टर म्हणाले. "ती भाजीनं नि तेल-तुपानं भरायची. जास्तीच्या प्रथिनांतून थोडी साखर यकृतही करतंच."

मग आकडा! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम सांगितले आहे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून मला 1.2. मी लगेच 82 ने गुणू लागलो. "पोटाला कशाला खायला घालता?" डॉक्टर हसले. "तुमच्या उंचीला शोभेल ते वजन धरा." ते निघाले 60. म्हणजे दिवसाला 72 ग्रॅम.

सौ.ला वाटले, सोपे आहे, वरणाची वाटी वाढवू. इथेच फसगत होती. 100 ग्रॅम तूरडाळीत प्रथिने सुमारे 22 ग्रॅम, पण पिष्ट त्याच्या अडीचपट. नुसत्या डाळीवर 72 गाठायचे तर सव्वातीनशे ग्रॅम डाळ शिजवावी लागेल. मग भात सोडला काय नि खाल्ला काय!

शेवटी सौ.ने स्वयंपाकघरातला काटा पुढे ओढला. तीन अंडी (होय, आमच्या घरात, सासूबाई असत्या तर हा लेख लिहायची वेळच आली नसती) म्हणजे 18. शंभर ग्रॅम पनीर, आणखी 18. तीस ग्रॅम सोयावड्या 15, पण लसणीच्या फोडणीत. तीनशे ग्रॅम दही 10, वरणाची एकच वाटी 6, मूठभर शेंगदाणे 5. बेरीज बरोबर 72! सारे आकडे अंदाजाचेच, पण सौ. शेंगदाणा मोजून देते. शिवाय तीन वेळांत वाटून. एकदम रात्री नाही.

या खेपेला फराळाचे ताट समोर आले तेव्हा मी चकलीकडे पाहून म्हटले, "भाजणीत डाळी असतात. म्हणजे प्रथिनंच की!"

सौ.ने चकली उचलली, काट्यावर ठेवली, आणि अर्धी मोडून मला दिली.