कुंडींतील रोपें व परदेशी मुंगी

रोप विकत घेतांना आपण पानें निरखितों, परंतु कुंडींतील माती कोणी उकरून पाहत नाहीं. या दुर्लक्षाची किंमत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रोपवाटिकावाल्यांस कशी मोजावी लागली, हें बागाईतदार बंधूंनीं जाणून घेण्यासारखें आहे.

दक्षिण अमेरिकेंतील एक तांबडी चावरी मुंगी १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत जहाजांवाटे अलाबामा संस्थानच्या मोबील बंदरीं उतरली. तिच्या दंशानें आग होऊन फोड येतो. नवी राणी उडून थोडे मैल जाते. दूरचा प्रवास तिला घडला तो मुख्यत्वें विक्रीच्या रोपांबरोबर. १९५७ सालीं सरकारनें विमानांतून विषारी औषधें टाकण्याची मोहीम आरंभिली. तींत पक्षी व मासे मेले, मुंगी मात्र राहिली. १९५८ सालीं बाधित मुलखांतून दाखल्याशिवाय रोपें बाहेर नेण्यास बंदी झाली.

हा दाखला मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे कुंडी भरण्यापूर्वींच मातींत बायफेंथ्रिनचे दाणे नीट मिसळणें. कोरड्या मातीच्या दर हजार किलोंस शुद्ध औषध १० ग्रॅम असल्यास सहा महिने, १२ असल्यास एक वर्ष व १५ असल्यास दोन वर्षें दाखला चालतो. २५ ग्रॅम असल्यास रोप कुंडींत असेपर्यंत. प्रमाण वजनावर आहे, मापावर नव्हे. हलक्या व जड मातीची एकच पाटी धरल्यास हिशेब चुकतो.

भरलेल्या कुंडीस औषध वरवर शिंपडणें सहसा पुरेसें नव्हे. हें औषध मातीस घट्ट चिकटतें, तळाशीं आपोआप उतरत नाहीं. आणि राणी तर तळाशींही दडलेली असूं शकते. म्हणून कुंडीच्या एक पंचमांश इतकें द्रावण ओतून संपूर्ण माती भिजवावी लागते. उरलेलें द्रावण ओढ्यांत जाऊं देऊं नये, कारण माशांस तें जहाल विष आहे.

हीं प्रमाणें त्या देशाच्या नियमांतील आहेत. आपल्याकडे औषधाच्या वेष्टनावरील सूचनाच प्रमाण मानावी. परंतु बिनखर्चाचे उपाय सर्वत्र सारखेच. कुंड्या उघड्या जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर मांडाव्या. विकत आणलेली कुंडी बागेंत नेण्यापूर्वीं तळाचें छिद्र तपासावें व माती हलवून पाहावी. मुंग्यांची रांग दिसल्यास ती कुंडी वेगळी ठेवावी. बागेंत एकदां वारूळ झालें कीं तें काढण्याचा खर्च त्या एका रोपाच्या किंमतींत भागत नाहीं.